मुंगळ्यांच्या राणीचं बाळंतपण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मामीचे.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढे शिकायचं तर तालुक्याला जायला हवं, आणि वाशिम जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात आपलं म्हणता येईल असं एकच घर होतं, मामाचं. पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत त्यांची स्वतःची तीन मुलं. मामा मनाने चांगला, पण भाच्याला ठेवून घ्यायचं की नाही हे कुठल्याच घरात मामा ठरवत नाही. मामी ठरवते. तिने मला पाचवीपासून बारावीपर्यंत ठेवून घेतलं. पोळ्या सगळ्यांना सारख्या, धपाटेही सारखे. शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "भाचा अजून किती वर्सं हाये तुह्याकडे?" मामी कपडे वाळत घालत होती. मान न वळवता म्हणाली, "भाचा कोनता? थो माहा चौथा हाये."

पुढे मी पुण्यात इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आता हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधतो आणि त्यांना त्या गोड शब्दांत कळवतो. बायको पुण्याचीच. तिची बँक हडपसरला, म्हणून घरही हडपसरला. मी रोज कंपनीच्या बसने अख्खं शहर ओलांडून जातो आणि ओलांडून येतो. या बसमध्ये माणसाचं वाचन होतं, झोप होते, वजनही वाढतं. मला या बसमध्ये राणी मिळाली.

पावसाळ्यातली एक दमट संध्याकाळ होती. बस वाकडच्या पुलाखाली अडकली होती, एसी बंद पडला होता, म्हणून खिडक्या उघड्या होत्या. एक भलीमोठी पंखवाली मुंगळी आत आली आणि माझ्या डब्याच्या पिशवीवर बसली. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "मार ना, बघतोस काय? चावेल."

मी बघत राहिलो, कारण ती काहीतरी करत होती. तिने मागचे पाय वर घेतले आणि आपलेच पंख खाली रेटायला सुरुवात केली. आधी एक बाजू, मग दुसरी. घरी आल्यावर आपण रेनकोट काढून ठेवतो तसे तिने पंख काढून ठेवले. शाळेत शिकलेलं एवढं मला आठवत होतं की पंख गाळणारी मुंगी ही राणी असते. उडणं संपलं, आता ती घर करणार. ते घर ती महामार्गावरच्या बसमध्ये, माझ्या डब्याच्या पिशवीवर करायला निघाली होती. मी चटणीची रिकामी डबी काढली आणि तिला आत घेतलं.

"काय घेऊन चाललायस घरी?" सहकाऱ्याने विचारलं.

"राणी."

दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या सीटवर बसायला लागला.

घरी बायकोने धुवायला म्हणून डबा उघडला, आणि डबी तशीच बंद करून माझ्यासमोर ठेवली. "अरे, चटणीत मुंगळा आहे."

"मुंगळा नाही, राणी आहे. आणि चटणी संपलेली आहे."

"म्हणजे तू हिला मुद्दाम आणलंयस?"

मी हो म्हणालो. तिने डबी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बरं. पण डबी परत स्वयंपाकघरात यायची नाही."

त्या आठवड्यात मी बसमध्ये फक्त मुंग्यांबद्दल वाचलं. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या या मोठ्या काळ्या मुंगळ्यांना इंग्रजीत सुतार मुंग्या म्हणतात, कारण त्यांच्या जातीतल्या काही मुंग्या लाकूड पोखरून घर करतात. राणीला सुरुवातीला लागतं फार थोडं. एक काचेची नळी. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा, आणि अंधार. अन्न नाही. पंख हलवणारे जे स्नायू आता तिला नको असतात, ते तिच्या अंगातच विरघळतात आणि त्यावर ती स्वतः जगते, पहिली पिल्लंही जगवते.

नळी आणायला मी बुधवार पेठेत गेलो. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे तिथे. काउंटरवरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "किती डझन?"

"एक."

"एक डझन."

"नाही, एक नळी."

वर्तमानपत्र खाली आलं. "एका नळीत काय प्रयोग करणार आपण?"

"मुंगळ्यांची राणी ठेवायची आहे."

त्यांनी मागे वळून आतल्या माणसाला हाक मारली, "एक नळी द्या हो यांना, राजघराण्यासाठी पाहिजे आहे. तडा गेलेली देऊ नका."

नळी लाल कागदात गुंडाळून मी मोज्यांच्या खणात ठेवली. राणी पाळण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे न बघणं. सारखं उघडून बघितलं तर ती घाबरते, आणि घाबरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. त्यामुळे मी मोजे काढताना श्वास रोखायचो. बायको म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा तू एवढा शांत नव्हतास." पहिली अंडी दिसली तेव्हा मात्र नळीशी माझ्या आधी तिचं डोकं होतं.

अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांचे कोश झाले, आणि कोशांतून पहिल्या कामकरी मुंग्या निघाल्या. इतक्या बारीक की राणीशेजारी त्या तिच्या वाटतच नव्हत्या. मी त्यांना थेंबभर मधाचं पाणी दिलं. प्रथिनं म्हणून डास दिले, तेही हाताने मारलेले. रॅकेटवर मारलेला डास जळतो आणि त्यांना चालत नाही. संध्याकाळी मी घरभर टाळ्या वाजवत फिरायचो. खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं आमच्याकडे रोज आरती असते.

वर्षभरात कुटुंब वाढलं. मी मिठाईच्या मोठ्या पारदर्शक डब्यात त्यांचं अंगण केलं, नळी त्यात आडवी ठेवली, तोंडाच्या बोळ्यात जाण्यायेण्यापुरतं भोक ठेवलं, आणि डब्याच्या कडेला आतून पावडरचा पट्टा ओढला. पावडरवर त्यांचे पाय घसरतात, त्यामुळे झाकण थोडं उघडं राहिलं तरी कुणी वर येत नाही.

एवढं सगळं राणीवर उभं होतं. कामकरी मुंगळे कितीही असले तरी त्यांना दुसरी राणी करता येत नाही. ती गेली की बाकीचे काही महिने इकडे-तिकडे फिरतात आणि संपतात. म्हणून रोज घरी आलो की बूट काढायच्या आधी मी एक नजर टाकायचो. मोठं पोट दिसलं की झालं.

मला ती एवढी का हवी होती, हे मी बायकोला एकदा सांगायचा प्रयत्न केला. तोवर मी जे जे केलं होतं ते कशासाठी तरी होतं. मार्कांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी, घराच्या हप्त्यांसाठी. ही राणी कशासाठीच नव्हती. मला ती बघायला आवडायची, बस. आणि म्हणूनच मामीला मी फोनवर हिच्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. एवढं शिकवलं आणि हा पुण्यात बसून मुंगळ्यांना डास भरवतो, असं तिला वाटेल, अशी भीती होती.

तेवढ्यात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: "सदनिकेत पाळीव प्राणी असल्यास कार्यालयात कळवावे. न कळवल्यास होणाऱ्या मनस्तापास प्राणी जबाबदार राहणार नाही." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूस. सूचना दिसली की पाळायची. रविवारी सकाळी मी कार्यालयात गेलो. सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर.

"कुत्रा की मांजर?"

"मुंगळे."

"ते आमच्याकडेही आहेत. आम्ही कळवत नाही."

"नाही काका, माझे पाळलेले आहेत."

"अस्सं. मग आपले कोणते आणि आमचे कोणते, हे आपण ओळखता कसे?"

"माझे डब्यात असतात."

"लिफ्टमधून फिरायला नेता?"

"नाही."

"भुंकतात?"

"नाही."

"मग सोसायटीची हरकत नाही. या आपण." मी दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "कुणाला चावले तर मात्र इंजेक्शनचा खर्च आपला."

दिवाळी झाल्यावर मामी पुण्याला आली. एक म्हणजे आमचं घर बघायचं होतं, आणि दुसरं म्हणजे तिला देव्हारा घ्यायचा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे देव स्वयंपाकघरातल्या एका फळीवर. मुलांची शिक्षणं, लग्नं, मामाच्या दुकानाचं छप्पर असं एकेक करत देव्हारा मागे राहिला होता. आता घ्यायचा तर पुण्याचाच घ्यायचा, सागवानी.

आम्ही दगडूशेठला नमस्कार करून जवळच्या गल्ल्यांत हिंडलो. मामीने प्रत्येक देव्हारा माठ वाजवून बघावा तसा बोटाने वाजवून बघितला. शेवटी एक पसंत पडला. पुढे दोन नाजूक खांब, वर लहानसा कळस, आणि खाली वाती-कापूर ठेवायला पितळी मुठीचा खण. ती किंमत विचारायला लागली तशी दुकानदाराने मागच्या पाटीकडे बोट केलं: 'घासाघीस करू नये.'

"मी कुठी घासून राह्यली? मी तं विचारून राह्यली," मामी म्हणाली.

"विचारण्याची पाटी अजून आलेली नाही," दुकानदार म्हणाला, आणि का कोण जाणे, थोडे कमी केले.

देव्हारा आम्ही मामीच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्याखाली ठेवला. त्याच कट्ट्यावर रद्दीच्या गठ्ठ्यामागे मी मुंगळ्यांचा डबा लपवला होता. दोन-तीन दिवस निभावलं. मग एका संध्याकाळी मामी खाली बाकावर बसायला गेली आणि सेक्रेटरींनी अगदी आदराने चौकशी केली, "आपल्या भाच्याच्या प्राण्यांची तब्येत बरी आहे ना?"

मी घरी आलो तर मामी दारातच. "बापू, थो चष्म्यावाला म्हणते तुह्याकडे जनावर हाये. कुठी बांधलं?"

मी रद्दी बाजूला केली. नळीवरचा लाल कागद हळूच सरकवला. मामीने चष्मा पुसला आणि वाकली. मी मान खाली घालून वाट बघत होतो.

"हे मोठ्या पोटाची कोन?"

"राणी. सगळ्यांची आई."

"अंडे देते?"

"जवळजवळ रोजच."

मामी सरळ उभी राहिली. "मंग थे बाळंतीण झाली नं! खायले काय देतं तिले?"

"मधाचं पाणी. आणि डास."

"डास? बाळंतिणीले डास खाऊ घालतं तू?" मग बायकोकडे वळून, "अन् सूनबाई, तू पाह्यत बसली?"

बायको हसू दाबत म्हणाली, "मामी, मी बोलले होते त्याला."

हे साफ खोटं होतं.

मी मामीला सगळं शास्त्र समजावलं. अंधार लागतो, शांतता लागते, डबा हलवायचा नाही, नळी उघडायची नाही. ती मान हलवत होती, "हो नं, हो नं." मामी दोनदा "हो नं" म्हणाली की तिचं वेगळं काहीतरी ठरलेलं असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. पण मी खुशीत होतो. एवढं शिकून हे काय, असं ती म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मुंगळ्यांना डिंकाच्या लाडवाचा कण सुरू झाला. हा लाडू तिने माझ्यासाठी करून आणला होता. मुंगळ्यांनी तो इतक्या आवडीने नेला की मला काही बोलता येईना. "पाह्य," मामी म्हणाली, "भूक होती बिचारीले."

ती निघायच्या दिवशी मी ऑफिसला होतो, बायको बँकेत. संध्याकाळी बायको आधी घरी आली. घरात ओव्याचा वास होता. तिला वाटलं मामींना सर्दी झाली, वाफारा घेतला असेल. मी आलो तेव्हा निघायची घाई होती, डब्यावर नजर टाकायलाही सवड नव्हती. ट्रॅव्हल्सची गाडी नगर रस्त्यावरून सुटायची आणि रिक्षावाला खालून हॉर्न देत होता. देव्हारा मामीने आधीच गोधडीत बांधून ठेवला होता. रिक्षात तो मी मांडीवर घेतला.

"हयू धर," मामी वाटेत तीनदा म्हणाली. "देवाचं हाये."

मी हळूच धरला. डिकीत ठेवतानाही कोपऱ्यात, बॅगांचा धक्का लागणार नाही असा ठेवला.

सकाळी मधाचं पाणी घेऊन कट्ट्याशी गेलो. डब्यात कुणी नव्हतं. नळीतही नाही. कापसाचा बोळा उपटून बाजूला टाकलेला, आणि आत एक कोशसुद्धा शिल्लक नाही. भाड्याचं घर सोडताना माणसं भिंतीतले खिळेही काढून नेतात, तसं त्यांनी घर मोकळं केलं होतं.

"मामींनी काही केलं असेल का?" बायको म्हणाली, आणि मग आम्हा दोघांनाही कालचा तो वास आठवला.

कट्ट्याच्या कोपऱ्यात धुपाटणं होतं. त्यात कोळशाची राख, जळलेला ओवा, शेपा. बाळंतिणीच्या खाटेखाली देतात ती धुरी. मामीने तिच्या तीनही बाळंतपणांत घेतलेली, लेकीला आणि सुनांना दिलेली. निघायच्या आधी माझ्या राणीचं बाळंतपण ती राहून कसं जाऊ देणार? डब्याचं झाकण आणि नळीचा बोळा तिने धूर आत जावा म्हणून काढला होता. आणि नंतर बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून डब्यावर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा पांघरला होता. तुकड्याचं एक टोक डब्यात गेलं होतं, दुसरं कट्ट्यावरून खाली लोंबत होतं. माझा पावडरचा पट्टा जागच्या जागी होता. मुंगळे त्याच्या वरून, कापडाच्या जिन्याने गेले होते.

धूर आला की मुंग्या घर सोडतात. त्यांच्या दृष्टीने जंगलाला आग लागलेली असते.

मी फ्रिजच्या मागे बघितलं, बुटांत बघितलं, सिलिंडरखाली, गाद्यांच्या घड्यांत, बायकोच्या बँकेच्या पिशवीत बघितलं. कुठे एकही नाही. खाली जाऊन विचारलंही, इमारतीत कुणाला मुंगळ्यांची रांग दिसली का. सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "हरवल्याची सूचना लावू का फळ्यावर? रंग काळा, पाय सहा. फोटो असेल तर द्या."

मामीला फोन करायची हिंमत होत नव्हती. ती विचारणार, "कशी हाये बाळंतीण?" मग काय सांगायचं? मी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधत होतो आणि डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, राणी कुठल्यातरी फटीत, कुणाच्यातरी झाडूखाली.

शेवटी फोन मामाचाच आला.

"काय रे, या देव्हाऱ्यासंग हे फुकट देल्लं काय त्या दुकानदारानं?"

"काय, मामा?"

"मुंगळे! खणाच्या मांगून निंगून राह्यले. मी रॉकेल आनाले चाललो होतो, तं तुही मामी आडवी आली."

मामीने फोन हिसकावून घेतला. "बापू! तुहे लेकरं माह्यासंग आले रे!"

आता मला कळलं. त्यांना धुरीतून निघाल्यावर अंधारी, लाकडाची, पोकळ जागा लागणार होती, आणि ती अगदी जिन्याच्या पायथ्याशी होती. ती मीच मांडीवर घेऊन, नगर रस्त्यापर्यंत, हळूच धरून पोचवली होती.

"मामी, मोठी दिसते का? मोठ्या पोटाची?"

"थांब." मग मामाला, "बॅटरी आना हो." मग खण ओढल्याचा आवाज. मी फोन कानाला दाबून धरला. मग मामीचा दबका आवाज, "हाये रे. मांगच्या कोपऱ्यात बसली हाये, माह्या सासूवानी. सगळे तिच्याच भवताल."

मामाने व्हिडिओ कॉल लावला. आधी पंखा दिसला, मग मामीचा कान, मग काळोख, आणि मग त्या काळोखात बॅटरीच्या उजेडात तिचं चकचकीत पोट, शेजारी कोशांची पांढरी रास. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने माझी पाठ थोपटली.

मग मामीने फोन स्वतःकडे वळवला. हळूच म्हणाली, "म्या धुरी देल्ली, त्याच्यानं पयाले काय रे हे?"

"नाही मामी. त्यांना देव्हारा आवडला."

तिचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही. पण त्यानंतर रोज फोन सुरू झाले. मामा म्हणायचा, उन्हात ठेवतो, निघून जातील. मामी म्हणायची, हात लावून दाखवा. देव अजून फळीवरच होते. एवढ्या वर्षांनी आलेल्या देव्हाऱ्यात मुंगळे बसले होते आणि देव बाहेर थांबले होते.

मी नवी नळी तयार केली. येत्या शनिवारी येतो, राणीला घेऊन जातो, असं कळवलं. तेव्हा मामी म्हणाली, "पन थे खणातून येत नाई बापू. पाठीमांगच्या फटीत हाये. काई फिकर करू नको, सुताराले सांगून ठुतो. तू आला का मांगची फळी उखडतो, देव्हारा फोडला तरी चालते. तुही राणी तुले भेटली पाह्यजे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ती नळी हातात घेऊन बसलो. बायको म्हणाली, "काय करणार आहेस?"

"पत्र लिहितो," मी म्हणालो. फोनवर मामी तिला हवं तेवढंच ऐकते. पण पत्र आलं की मामा ते मोठ्याने वाचतो, आणि वाचलेलं ती मानते.

हे ते पत्र.

मामी,

तुला आणि मामाला नमस्कार.

सुताराला बोलावू नकोस. हे सगळ्यात वर लिहिलंय, म्हणजे मामाने वाचायला सुरुवात केल्याबरोबर तुला कळेल. देव्हारा फोडायचा नाही, फळीसुद्धा उखडायची नाही. राणी आता तुझ्याकडे राहील. मी शनिवारी येतोय, पण तिला न्यायला नाही, भेटायला. येताना देवांसाठी दुसरा देव्हारा आणतो, त्याच दुकानातून. तोवर देवांची तू माझ्या वतीने समजूत घाल. ते तुझं ऐकतील.

मामा, तुम्हाला सांगतो, घाबरू नका. हे मुंगळे नवं कोरडं सागवान खात नाहीत. ते फक्त राहतात.

आता तिच्या खाण्यापिण्याचं. डिंकाचा लाडू त्यांना आवडतो, हे तुझं खरं निघालं. पण कण द्यायचा, लाडू नाही. मधाचं पाणी थेंबभर. आणि तुला पटणार नाही, पण मेलेलं झुरळ किंवा डास आठवड्यातून एक-दोनदा मागच्या बाजूला ठेव. पिल्लांना तेच लागतं. तुला बघवत नसेल तर मामाला सांग. पाणी म्हणून ओल्या कापसाचा बोळा खणात ठेव. कापूर, उदबत्ती, ओवा, शेपा यांतलं काहीही देव्हाऱ्याजवळ न्यायचं नाही. तिचं बाळंतपण कधी संपतच नाही, त्यामुळे धुरी सुरू केलीस तर थांबायची कधी? खण रोज उघडायचा नाही. तू उघडशील, हे मला माहीत आहे. निदान हळू उघड.

एखाद्या दिवशी सगळे मिळून उठून अंगणात निघाले, तर अडवू नकोस. राणी त्यांच्यातच असेल.

मामी, मी डबा उघडून दाखवला तेव्हा मला वाटलं होतं, तू म्हणशील, एवढं शिकून हे करतोस का? तू विचारलंस, खायला काय देतोस. मला वाटतं तुझ्या घरी मी एवढी वर्षं शिकू शकलो ते याच्यामुळे. मी काय वाचतोय, त्याचं पुढे काय होणार, हे तू कधीच विचारलं नाहीस. जेवलास का, एवढंच विचारायचीस. हे मला तोंडाने बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. मामा, हा भाग हळू वाचा.

राणी किती वर्षं जगते, असं तू विचारलं होतंस. नीट राहिली तर दहा वर्षंही जगते म्हणतात. म्हणजे पुढची दहा वर्षं तुला माझे फोन जास्त येतील. दर वेळी मी आधी तुझी तब्येत विचारीन, मग तिची. कधी उलट झालं तर रागावू नकोस.

बापू